दोन पायांची घोडी

बंदूक म्हटली की आपल्या पांढरपेशा घरातली प्रतिक्रिया ठरलेली असते : "नको ते घरात!" जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आणि सिनेमातल्या दरोडेखोराची दुनळी यांपलीकडे आपली ओळख फारशी जात नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि चार दिवस तरी घरोघरी रायफलीची चर्चा झाली. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन तऱ्हांनी पन्नास मीटरवर नेम धरायचा, आणि तोही बंदुकीला जमिनीचा टेकू न देता! फार तर बसताना आणि झोपताना दंडाला आवळलेला एक पट्टा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला पालथे झोपून मारायच्या प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हाही आधार होता तो पट्ट्याचाच.

मी सांगणार आहे ती हकीकत मात्र टेकूची आहे. पट्टा पेलवेनासा झालेल्या एका माणसाला योग्य टेकू शोधून देण्याची, आणि तो बंदुकीला नीट बसवून देण्याची.

पुण्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी पस्तीस वर्षे काढली. आता निवृत्त. मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये वोकिंगजवळ राहतात, म्हणून आम्ही उभयता एक उन्हाळा तिकडे घालवायला गेलो होतो. शेजारी एक वृद्ध जोडपे. गृहस्थांनी पंचाहत्तरी गाठलेली, अंगात नेहमी विणलेले जाकीट आणि डोक्यावर चपटी टोपी. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी त्यांचे नामकरण करून टाकले : तात्या! आपले हे नाव तात्यांना कळले तेव्हा ते खूश झाले आणि कुंपणावरून हाक मारताना स्वतःच "तात्या बोलतोय" म्हणू लागले. मला ते "इंजिनिअर" म्हणत.

वोकिंगपासून बिझ्ले हे गाव अगदी जवळ. इंग्रज नेमबाजांची ती पंढरी. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८५९ सालची, आणि १८९० पासून तिचे मोठे मेळावे बिझ्लेला भरतात. तात्या विसाव्या वर्षापासून या वारीला जाणारे. पट्टा दंडाला बांधून, कोपर जमिनीला टेकवून, हजार यार्डांवरच्या निशाणावर गोळी मारायची, हा त्यांचा पंचावन्न वर्षांचा नेम, दोन्ही अर्थांनी.

आणि तो आता सुटायच्या बेतात होता. डाव्या कोपरात संधिवात शिरला होता. पट्टा आवळला की दहा मिनिटांत बोटे बधिर होत. मान मागे वळवून झोपणे असह्य झाले होते. डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर दूरचे स्वच्छ दिसू लागले, पण बंदुकीच्या टोकाशी असलेले कडे धुरकटले. आणि त्यांच्या जुन्या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही. ही सारी हकीकत आम्हाला कळली ती त्यांच्या पत्नीकडून. एका संध्याकाळी त्या आमच्या सौ.ला म्हणाल्या, "बंदूक विकायला काढतो म्हणतायत. ती गेली की हे खुर्चीत बसतील, आणि खुर्चीत बसले की उठायचे नाहीत."

यावर वाट नव्हती असे नाही. कॅनडात जॉर्ज फार्करसन नावाचे एक नेमबाज होते. वय झालेल्या, डोळे आणि सांधे थकलेल्या मंडळींना खेळ सोडावा लागू नये म्हणून त्यांनी एक वेगळा प्रकार पुढे आणला : दुर्बीण चालेल, बंदुकीखाली टेकूही चालेल. त्यांच्या आडनावातील पहिल्या अक्षरावरून त्याला 'एफ क्लास' नाव पडले. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. २००९ साली त्या बिझ्लेलाच झाल्या होत्या. आता तरुणही त्यात हिरिरीने उतरतात. त्याच्या दोन शाखा. एकीत बंदूक दहा किलोपर्यंत आणि पुढे भक्कम चौरंगासारखा टेकू. दुसरी 'एफ टीआर'. तिच्यात ठरावीक दोनच जातींची काडतुसे, पुढे दोन पायांचा आधार, मागे दस्त्याखाली वाळूची सुटी पिशवी, आणि पिशवी सोडून बाकी सगळे मिळून वजन सव्वाआठ किलोच्या आत. दोन पायांच्या या आधाराला इंग्रजीत 'बायपॉड' म्हणतात. आमच्या सुतारी-लोहारी भाषेत कुठल्याही टेकूला घोडी म्हणतात. तेव्हा ही दोन पायांची घोडी. बंदुकीला घोडा असतोच, आता घोडीही आली!

पण तात्या ऐकेनात. "आधाराने मारलेला नेम हा काय नेम? उद्या म्हणाल खुर्चीत बसून मारा."

मी म्हटले, "तात्या, तुमच्या असोसिएशनची पहिली गोळी कोणी मारली?"

ही गोष्ट मला त्यांच्याच कपाटातल्या एका पुस्तकात सापडली होती. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर पहिला मेळावा भरला, तेव्हा पहिली गोळी मारली व्हिक्टोरिया राणीने. विटवर्थ यांची रायफल एका लोखंडी यांत्रिक टेकूवर आधीच नेम धरून बसवून ठेवली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली.

तात्या क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "राणीसाहेबांना चालला, तर मलाही चालायला हरकत नाही. पण इंजिनिअर, घोडी निवडायची तुम्ही."

परवाना त्यांचा, तेव्हा बंदूक हाताळणार तेच. माझा अधिकार घोडीपुरता.

पहिला प्रश्न वजनाचा. विमानाच्या सामानासाठी आणलेला आकड्याचा काटा आमच्याकडे होता. त्याला पट्ट्याने बंदूक लटकवली. दुर्बिणीसकट भरली सात किलो तीनशे ग्रॅम. म्हणजे घोडी आणि तिचा जोडठोकळा मिळून साडेनऊशे ग्रॅमच्या आत हवे. ही मर्यादा आधी मोजून घ्यावी. घोडी आणल्यावर नव्हे.

दुसरा प्रश्न जातीचा. क्लबातल्या मित्रांनी तीन नमुने पाहायला दिले. पहिली अमेरिकेची हॅरिस. शिकाऱ्यांची लाडकी, स्प्रिंगने मिटणारे पाय, हलकी आणि काटक. पण पाय एकमेकांच्या जवळ आणि उंची पायऱ्या-पायऱ्यांनी वाढणारी. रानात हिंडणाऱ्याला तिच्यासारखी सोबतीण नाही. पण तात्या हिंडणार नव्हते, एका जागी झोपणार होते. दुसरी रुंद पायांची, पायांच्या तळाशी बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांसारखे लांबट तळवे आणि उंचीला आट्याचा स्क्रू. तिसरी इंडोनेशियात बनणारी सेब कारखान्याची जॉयपॉड. तिला मागे एक लांब दांडी, ती हलवली की बंदुकीचे तोंड वर-खाली, डावी-उजवीकडे अलगद फिरते.

पाय रुंद का हवेत? नळीत पीळ असतो. त्यामुळे गोळी उजवीकडे फिरत निघते आणि बंदूक डावीकडे कलू पाहते. अरुंद पायांवर हे कलणे जास्त. पाय जवळजवळ दीड फूट पसरलेले असले की कलायला वाव राहत नाही. नवऱ्यामुलाच्या चौरंगाला पाय आखूड आणि लांब-लांब का देतात, ते ज्याने बनवला त्याला विचारा!

उंचीला स्क्रू का हवा? साधे गणित आहे. घोडी आणि मागची वाळूची पिशवी यांत अंतर ऐंशी सेंटिमीटर धरा. घोडी एक मिलिमीटर वर उचलली तर हजार यार्डांवर नेम एक मीटरहून जास्त वर जातो! तिथे निशाणाचा मधला गोल अवघा दहा इंचांच्या घरातला. पायऱ्यांनी वाढणाऱ्या पायावर हे कसे साधणार? ढोबळ उंची स्क्रूने आणि शेवटचा केसभर फरक मागच्या पिशवीला चिमटा काढून, अशी ही कामाची वाटणी असते.

दांडीवाली तिसरी घोडी मला फार आवडली होती, यंत्र म्हणून. पण तात्यांनी दांडी हातात धरली आणि त्यांची बोटे थरथरताना मला दिसली. ज्या थरथरीतून सुटका हवी तिलाच दांडी जोडून देण्यात काय अर्थ? दुसऱ्या कुणाला ती उत्तम चालेल. तात्यांसाठी मी स्क्रूवाली रुंद घोडी निवडली. वस्तू चांगली की वाईट हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा, ती कुणाच्या हाताला हवी आहे हा.

उंची किती ठेवावी यावरही थोडा वाद झाला. बंदूक जितकी जमिनीलगत तितकी ती स्थिर. पण तितकीच मान मागे मोडावी लागते. तात्यांना दिवाणखान्यात सतरंजीवर झोपवले, कोपरांखाली उश्या ठेवून मान न दुखता ते कुठवर पाहू शकतात ते बघितले आणि तिथे फूटपट्टी लावली. नेहमीपेक्षा दोन इंच जास्त निघाली. थोडी स्थिरता गेली, पण वीस मिनिटे झोपता न येणाऱ्या माणसाला स्थिरतेचा उपयोग काय? घोडी वर गेली म्हणजे मागची पिशवीही उंच हवी. ते काम आमच्या सौ.ने घेतले. जावयाच्या जुन्या जीनचा एक पाय कापला, दुहेरी उलटी टीप घातली आणि बागेतल्या वाळवलेल्या रेतीने ठासून भरला.

आता बसवणे. बंदुकीच्या दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी होती, जिच्यात पूर्वी पट्ट्याची कडी बसे. घोडीचा जोडठोकळा त्याच खाचेत सरकतो आणि स्क्रूने आवळतो. विकतचा ठोकळा बसला, आवळला. पण पाय धरून हलवले तर किंचित टकटक वाजे. ठोकळा दोनच कोपऱ्यांवर टेकत होता. टूलरूममध्ये अशा वेळी एका पृष्ठाला निळा रंग अगदी पातळ लावतात, दुसरे त्यावर टेकवतात, आणि जिथे रंग उमटेल तो उंचवटा म्हणून घासून काढतात. तिथे निळा रंग कुठला? मी देवघरातले कुंकू तेलात कालवले. सौ. म्हणाली, "बंदुकीला हळदीकुंकू! दसरा अजून लांब आहे." पण रंग उमटला झकास. तेलदगडावर ठोकळा थोडा घासायचा, पुसायचा, पुन्हा कुंकू, पुन्हा टेकवायचा. दोन दुपारी गेल्या. शेवटी चारी कोपऱ्यांवर आणि मधल्या भागावर सारखे लाल ठिपके उमटले. टकटक थांबली.

घोडी बसवावी तितकी पुढे बरी. पुढचा-मागचा टेकू जितका लांब, तितका एकाच हालचालीने नेम कमी ढळतो. पण पुढे बसवताना एक पथ्य आहे. नळी दस्त्याला कुठेही चिकटता कामा नये. गोळी सुटताना नळी कंप पावते, आणि तो कंप दर वेळी सारखाच हवा. म्हणून घोडी नळीला कधीच बांधत नाहीत, दस्त्यालाच बांधतात. तिच्यावर भार देऊन दस्ता वाकतो का, ते पाहायला कागदाची एक पट्टी घ्यायची, नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवायची. तात्यांनी खांद्याने भार दिला. पट्टी टोकापासून शेवटपर्यंत विनाअडथळा फिरली. परीक्षेत पास!

मग ओळंबा. बागेच्या टोकाला झाडाला दोरी बांधून वजन टांगले आणि रिकाम्या बंदुकीच्या दुर्बिणीतली उभी रेघ दोरीशी जुळवली. हजार यार्डांवर जाताना गोळी वाटेत पुष्कळ खाली येते, म्हणून नळी तितकी वर धरावी लागते. बंदूक एक अंशाने जरी बाजूला कलली, तरी ही वरची चाल थोडी बाजूची होते आणि गोळी साधारण सहा इंच सरकते. म्हणजे गोलाबाहेर! रेघ जुळल्यावर दुर्बिणीच्या पट्ट्यावर बोटभर पाणसळ चिकटवली. घोडीचे दोन्ही पाय स्वतंत्रपणे खाली-वर होतात. जमीन उंचसखल असली की बुडबुडा मध्ये येईपर्यंत ते जुळवायचे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही बिझ्लेला गेलो. मी पाहुणा, कानांवर झापडे लावून मागे बसलेलो. सहाशे यार्डांचे मैदान, हिरवळ, वाऱ्याची निशाणे फडफडत होती. तात्या चटईवर झोपले. पहिली गोळी सुटली आणि घोडीने बेडकासारखी उडी मारली. दुर्बिणीतून निशाण नाहीसे झाले.

हे अपेक्षित होते. गोळीचे वजन दहा ग्रॅम, बंदुकीचे आठ किलो, म्हणजे आठशेपट. गोळी पाऊण मीटरची नळी पार करते तेवढ्यात बंदूक त्याच्या आठशेव्या भागाने, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर मागे आलेली असते. हा मिलिमीटर सरळ आला तर ठीक. वाकडा आला तर गोळी वाकडी. पट्ट्याच्या सवयीने तात्या बंदूक घट्ट आवळून खांद्यात ओढत होते, आणि शरीरही तिरपे होते. घोडी असताना शरीर सरळ बंदुकीच्या मागे हवे आणि खांद्याचा दाब हलका, पण दर वेळी तेवढाच. मग लांबट तळवे चटईवर रुळांसारखे सरळ मागे घसरतात आणि बंदूक जागच्या जागी परत आणता येते. क्लबातल्या एका बाईंनी तात्यांचे पाय धरून त्यांना सरळ केले. तात्या पुटपुटले, पण सरळ झाले.

दुसरी गोळी : तळवे घसरले, निशाण दुर्बिणीतच राहिले. चाचणीच्या या दोन गोळ्यांनंतर मोजायच्या पंधरा. निशाणापाशी खंदकात बसलेली माणसे प्रत्येक गोळीनंतर भोकात खुणेची चकती लावून निशाण वर करतात. चकती पाहत मी वहीत ठिपके काढत होतो. पंधराही गोळ्या उंचीच्या बाबतीत सहा इंचांच्या पट्ट्यात. आदल्या वर्षीच्या त्यांच्या वहीत हाच पट्टा वीस इंचांचा होता. हाताची थरथर घोडीने पोटात घातली होती.

पण आडव्या अंगाने? तिथे घोडीचे काही चालत नाही. हजार यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला सहा फुटांहून अधिक बाजूला नेतो; सहाशेवरही प्रकार गंभीरच. त्या दिवशी वारा सारखा फिरत होता. शेजारी दोन तरुण होते, त्यांच्याकडे आमच्यापेक्षा उंची घोड्या. त्यांच्या गोळ्या उंचीला सुरेख, पण डावी-उजवीकडे विखुरलेल्या. तात्या मात्र मध्येच थांबत. झेंडे बघत, गवत बघत, दुर्बिणीतून तापलेल्या हवेच्या लहरी कुठे वाहतात ते बघत, आणि मगच चाप ओढत. एकदा तर पूर्ण दोन मिनिटे थांबले. पंधरांपैकी तेरा मधल्या गोलात, दोन वाऱ्याने नेल्या.

उठताना मला हात द्यावा लागला. गुडघे झटकत ते म्हणाले, "मला वाटत होते, आधार घेतला की खेळात माझे काही उरणारच नाही."

त्या तरुणांपैकी एक जवळ आला आणि त्याने अदबीने विचारले, "सातव्या गोळीच्या वेळी तुम्ही थांबलात, ते काय पाहून?" तात्यांनी पुन्हा चटई पसरली आणि त्याला शेजारी झोपवून लहरी दाखवू लागले. मानेचे दुखणे विसरून अर्धा तास हे चालले. मी घरी फोन करून जेवायला उशीर होईल असे कळवले.

बंदूक विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही सप्टेंबरअखेर परत आलो. मागच्या महिन्यात तात्यांचे पत्र आले. पत्र म्हणजे खरोखरचे, शाईने लिहिलेले. ऑक्टोबरच्या स्पर्धेत ते बत्तीस जणांत अकरावे आले. त्या तरुणाला दर शनिवारी वारा वाचायला शिकवतात. शेवटी लिहिले आहे, "क्लबातल्या आणखी दोघा म्हाताऱ्यांच्या घोड्या टकटक वाजतात. पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा ती लाल पूड विसरू नका. वहिनींना सांगा, पिशव्याही दोन लागतील."

सौ.ने जावयाला फोन करून टाकला आहे : जुनी जीन फेकू नकोस म्हणून.